२५×१०० बायनॉक्युलरला नेम लावायचा तर: लाल ठिपका, रायजेल, टेलरॅड आणि हिरवा लेसर

मोठा बायनॉक्युलर नवा घेतलेल्या माणसाची पहिल्या आठवड्यातली तक्रार काचांबद्दल क्वचितच असते. "काही सापडतच नाही" हीच तक्रार असते. सेलेस्ट्रॉन कंपनीच्या स्कायमास्टर २५×१०० चं (म्हणजे २५ पट मोठं दाखवणाऱ्या, १०० मिलिमीटरच्या भिंगांच्या बायनॉक्युलरचं) दृश्यक्षेत्र कागदावर ३ अंश आहे. म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र एका ओळीत मावतील एवढं. तरीही नुसत्या डोळ्यांना लख्ख दिसणाऱ्या कृत्तिका त्यात आणायला नवखा माणूस पाच-पाच मिनिटं ट्रायपॉडशी झटत बसतो.

१०×५० हातात धरताना नजर ताऱ्यावरच असते, आपण बायनॉक्युलर उचलून नजरेच्या वाटेत आणतो. २५×१०० चं चार किलोंचं धूड ट्रायपॉडवर बसलेलं असतं. तिथे आपली नजरच उचलून त्याच्या मागे न्यावी लागते आणि नेता नेता तारा हरवतो. नळीच्या कडेवरून नेम धरायची युक्ती सगळेच करून बघतात. पण नळी पुढे रुंद आणि मागे निमुळती असल्यामुळे तिची कड प्रकाशीय अक्षाला समांतर नसते. १० सेंटीमीटरमागे कड ५ मिलिमीटर बाहेर गेली तरी नेम जवळजवळ ३ अंशांनी चुकतो. म्हणजे अख्खं दृश्यक्षेत्र हुकलं.

त्यात आपलं अक्षांश. मुंबई-पुण्याहून कृत्तिका मध्यावर येतात तेव्हा ८४-८५ अंश उंचीवर असतात, कर्केतला पुष्याचा गुच्छ, म्हणजे मेसियर ४४, जवळपास डोक्यावर, त्रिकोणातली मेसियर ३३ दीर्घिका ७८ अंशांवर आणि देवयानी दीर्घिका ६८ च्या आसपास. युरोप-अमेरिकेत लिहिलेले सल्ले वाचताना हे लक्षात ठेवावं. तिथे जे आकाशात तिरकं असतं, त्यातलं बरंच आपल्याकडे माथ्यावर असतं, आणि सरळ नळीच्या बायनॉक्युलरची खरी परीक्षा माथ्यावरच होते.

फाइंडर, म्हणजे नेम धरायचं छोटं साधन, हवाच. पण कुठला, याच्याइतकाच तो कुठे आणि किती उंचीवर बसवला हाही प्रश्न आहे. आमच्या मते दुसरा प्रश्न मोठा. आधी वस्तू बघू.

लाल ठिपक्याचा फाइंडर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हलका. छोट्या दुर्बिणींबरोबर फुकट येतो तोच. आत एक लाल एलईडी, समोर वक्र काच, आणि सीआर२०३२ चा नाण्याएवढा सेल. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं, ठिपका आकाशात तरंगताना दिसतो, तो ताऱ्यावर नेऊन ठेवायचा. ३ अंशांच्या दृश्यक्षेत्रासाठी याहून अचूक काही लागत नाही. नेम एक अंश चुकला तरी वस्तू दृश्यक्षेत्रातच असते. कलामिनिटांपर्यंत (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) जुळवणी करण्यात रात्र घालवणारे लोक उगाच दमतात.

याचे दोष दोन. पहिला, काचेवरच्या लेपामुळे आकाश थोडं गडद दिसतं आणि अंधुक तारे त्यातून गळतात. दुसरा जास्त त्रासाचा: बऱ्याच ठिपक्यांची किमान पातळीच इतकी प्रखर असते की चौथ्या प्रतीचा, म्हणजे अंधुकसा, तारा ठिपक्याच्या झगमगाटात नाहीसा होतो. रायफलसाठी बनवलेल्या 'रिफ्लेक्स साइट' तर भर उन्हात दिसाव्यात म्हणून केलेल्या असतात, त्या रात्री अक्षरशः टॉर्च वाटतात. उपाय सोपा आहे. सेल ३ व्होल्टचा, लाल एलईडी साधारण १.८ व्होल्ट खाते. सेलच्या वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टर एकसरीत जोडला की प्रवाह ०.१२ मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि ठिपका सुसह्य होतो. सोल्डरिंगचा डाग द्यायचा नसेल तर एलईडीच्या तोंडावर काळ्या मार्करचा एक पुट द्या, कमी पडला तर दुसरा.

रायजेल क्विकफाइंडर

हा उभा, मनोऱ्यासारखा. वजन १०० ग्रॅमच्या आत. ठिपक्याऐवजी अर्ध्या अंशाचं आणि २ अंशांचं अशी दोन लाल वर्तुळं आकाशावर दिसतात, आणि हवी तर ती उघडझाप करतात. उघडझाप ही चैन वाटते, पण अंधुक तारा वर्तुळाच्या रेषेखाली आला असेल तर वर्तुळ विझतं त्या क्षणी तो दिसतो. खिडकी बिनलेपाची असल्याने आकाश जसंच्या तसं.

बायनॉक्युलरसाठी याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे उंची. खिडकी मुळातच वर असल्याने नळ्यांच्या आणि आयपीसच्या (डोळ्याजवळच्या भिंगांच्या) वरून मोकळी नजर जाते, कपाळ कशावर आपटत नाही. तोटा त्याचाच दुसरा भाग: अंधारात कोपर लागतं ते यालाच. पाया दुतर्फी चिकटपट्टीवर बसतो आणि वरचा भाग त्यातून निघतो, त्यामुळे नेताना काढून ठेवावा. २५×१०० साठी एकच वस्तू सांगायची तर आम्ही ही सांगू.

टेलरॅड

डॉब्सन पद्धतीच्या मोठ्या दुर्बिणी वापरणाऱ्यांचा लाडका. अर्धा, २ आणि ४ अंशांची तीन वर्तुळं. अनेक नकाशांवर आणि संगणकावरच्या आकाश-कार्यक्रमांत हीच तीन वर्तुळं छापलेली मिळतात, ही त्याची खरी ताकद. दोन एए सेल लागतात, ते कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात. नाण्याएवढा सेल रात्री अकरा वाजता भंडारदऱ्याला शोधून बघा, म्हणजे याचं मोल कळेल.

गंमत अशी की दृश्यक्षेत्राचा विचार केला तर टेलरॅड १५×७० ला जास्त शोभतो: त्याचं क्षेत्र ४.४ अंश, वर्तुळ ४ अंशांचं. वर्तुळात जे आलं ते बायनॉक्युलरमध्ये आलंच. २५×१०० ला ३ अंशांची कड २ आणि ४ च्या मधोमध मनाने धरावी लागते. पण १५×७० वर टेलरॅड बसवणं म्हणजे सायकलला ट्रकचा आरसा. लांबी वीतभर, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि खालचा बायनॉक्युलर स्वतःच जेमतेम दीड किलोचा.

वजनाचा हिशोब पँटोग्राफसारख्या समांतरभुज स्टँडवर जास्त बोचतो. पुढची भुजा ९० सेंटीमीटर आणि मागची ३० असेल तर पुढे वाढलेले ३०० ग्रॅम मागे ९०० ग्रॅम मागतात. वाण्याकडचं किलोचं वजन दोरीने लटकवून काम भागतं, पण आधी माहीत हवं.

टेलरॅडची मोठी काच तिरकी आकाशाकडे बघत असते, म्हणून दव सगळ्यात आधी तिच्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री घाटमाथ्यावर तासाभरात ती आंधळी होते. रुमालाने पुसली की ओरखडे आणि पुन्हा दव. पुठ्ठ्याचं किंवा फोमचं छप्पर करून वरून झाकणं हाच इलाज, बघायच्या वेळेपुरतं उचलायचं. रायजेल आणि लाल ठिपक्यालाही हे लागू, फक्त काच लहान म्हणून उशिरा.

६×३० चा प्रकाशीय फाइंडर

वरच्या तिन्हींची एक अट आहे: खुणेचा तारा डोळ्यांना दिसला पाहिजे. डोंबिवलीच्या गच्चीवरून कर्क राशीत डोळ्यांना काहीच दिसत नाही, मग ठिपका ठेवायचा कशावर? तिथे ६×३० चा, काटकोनी आणि सुलट प्रतिमा देणारा फाइंडर उपयोगी पडतो. दृश्यक्षेत्र ७ अंशांच्या आसपास, आणि शहरातही बरेच तारे हाती लागतात. सरळ नळीचा ६×३० मात्र घेऊ नका. त्यात बघायला मान तितकीच मोडते जितकी बायनॉक्युलरमध्ये, मग फायदा काय?

४५ किंवा ९० अंशी आयपीस असलेले मोठे बायनॉक्युलर, म्हणजे ओबरवर्क किंवा एपीएम या कंपन्यांच्या घराण्यातले, यांच्यावर नळीवरून नेम धरायचा प्रश्नच नसतो. बघणारा खाली वाकलेला असतो. तिथे काटकोनी फाइंडर किंवा लेसर, दोनच पर्याय. यातल्या काहींच्या मुठीवर फाइंडर शू, म्हणजे फाइंडर सरकवून बसवायची खाच, तयारच मिळतो. असेल तर पुढचा भाग सोडून थेट लेसरवर जा.

बसवायचं कुठे

इथेच बहुतेकांचं फसतं. बायनॉक्युलरला फाइंडर बसवायला सपाट जागाच नसते.

स्कायमास्टर २०×८० आणि २५×१०० यांना दोन नळ्यांच्या मधून, बिजागरीच्या अक्षावरून, एक धातूची दांडी जाते. ट्रायपॉडचा खुंट तिच्यावर पुढे-मागे सरकतो. फाइंडरसाठी जागा ही. डोळ्यांमधलं अंतर जुळवायला नळ्या उघडल्या-मिटल्या तरी दांडी जागची हलत नाही, त्यामुळे फाइंडर सरळच राहतो. नळीवर बसवला तर नेम बहुधा टिकतो, कारण नळी बिजागरीला समांतर राहूनच फिरते, पण फाइंडर दहा-पंधरा अंशांनी कलतो आणि दुसरा माणूस बघायला आला की मान वाकडी करून वर्तुळं बघतो. ज्या बायनॉक्युलरचे अक्ष एका ठरावीक उघडीपुरतेच जुळवलेले असतात, आणि स्वस्तातले बरेच तसेच असतात, त्यांचा नेमही थोडा सरकतो.

लागणारं सामान: दांडीच्या मापाचा दोन पाकळ्यांचा क्लॅम्प, ३ मिलिमीटर जाडीची २५ मिलिमीटर रुंद ॲल्युमिनियमची पट्टी, एम४ चे दोन बोल्ट, नायलॉनवाले दोन नट आणि फाइंडरचा पाया. दांडीचा व्यास व्हर्नियरने मोजा, अंदाजाने नको. सायकलच्या दुकानात हँडलला दिवा लावायचे क्लॅम्प मिळतात, पण ते २२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड नळीसाठी असतात. आत भरायला लोक ट्यूबचा जाड तुकडा घालतात आणि मग तक्रार करतात की नेम रोज हलतो. रबर दबतं आणि परत फुगतं. भर घालायचीच असेल तर पातळ ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा आणि पकडीपुरता इलेक्ट्रिकच्या टेपचा एकच वेढा.

उंची अशी ठरवा. बायनॉक्युलर ट्रायपॉडवर ठेवा, मागे २५-३० सेंटीमीटरवर डोळा न्या आणि नळ्यांच्या वर फूटपट्टी उभी धरा. समोरचं आकाश मोकळं दिसायला लागतं तो आकडा वाचा. दांडी दोन्ही नळ्यांच्या मधल्या घळीत असते, त्यामुळे लाल ठिपक्याला ६ ते ८ सेंटीमीटरचा उंचवटा लागतो. रायजेलला बराच कमी. उंचवटा एका बोल्टवर उभा केला तर तो फिरतो, दोन हवेतच. पट्टी इंग्रजी 'एल'सारखी वाकवून आडवी बाजू क्लॅम्पवर आणि उभी बाजू वर, तिच्या टोकाला पाया. पट्टी ३ मिलिमीटरपेक्षा पातळ घेतली की टिचकी मारल्यावर वर्तुळं दोन-तीन सेकंद थरथरत राहतात.

कसण्याआधी एकदा ट्रायपॉडचा खुंट दांडीवर पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा. क्लॅम्प त्याच्या वाटेत आला तर तोल साधता येत नाही आणि बायनॉक्युलर नाकावर कोसळतो.

नळीवरच बसवायची वेळ आली, जसं १५×७० ला येते, तर स्टीलचा होज क्लॅम्प आवळून कसू नका. पातळ नळीवर त्याचा ताण येतो. शिवाय अनेक पोरो (पोरो लोलकांच्या) बायनॉक्युलरमध्ये रबरी आवरणाखाली लोलक कलवायचे बारीक स्क्रू असतात. नेमका त्यांच्यावर दाब आला की दोन प्रतिमा होतात, आणि मग फाइंडर राहिला बाजूला, अक्ष जुळवत बसायची पाळी येते. वेल्क्रोचे रुंद पट्टे किंवा पीव्हीसी पाइपचं सॅडल आतून फोम लावून, एवढं पुरेसं. मधल्या चाकाने फोकस होणाऱ्या मॉडेलमध्ये आयपीसजवळच्या पुलावर काही चिकटवू नका. फोकस करताना तो पूलच पुढे-मागे होतो. १५×७० ची सगळ्यात चांगली जागा तिची ट्रायपॉडची 'एल' पट्टीच आहे. बरोबर येणारी प्लॅस्टिकची पट्टी बदलून धातूची घ्या, नाहीतर पट्टी लवते, बायनॉक्युलर एकीकडे आणि फाइंडर दुसरीकडे.

चिकटपट्टीबद्दल एक गोष्ट. साधी फोमची पट्टी मे महिन्यात गाडीच्या डिकीत मऊ होते आणि फाइंडर हळूहळू घसरतो. ॲक्रिलिकची बांधकामाची पट्टी वापरा, जागा स्पिरिटने पुसा, दाबून ठेवा आणि एक दिवस हात लावू नका.

जुळवणी दिवसाच करा. एक किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस बायनॉक्युलरच्या मध्यावर आणा, ट्रायपॉडचं डोकं आवळा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवा. लांबचीच खूण का? फाइंडर अक्षापासून १० सेंटीमीटर वर असेल तर २० मीटरवरच्या खांबावर जुळवताना १७ कलामिनिटांची चूक शिरते. ५०० मीटरवर ती एका कलामिनिटाच्या आत येते. रात्री व्याधासारख्या ठळक ताऱ्यावर पडताळा. मध्य कळत नसेल तर एका नळीचं फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याची मोठी तबकडी दृश्यक्षेत्रात मधोमध ठेवणं बिंदूपेक्षा सोपं. शेवटी आकाशाच्या उलट बाजूचा तारा धरून बघा. नेम अर्ध्या अंशाहून जास्त हलला तर दोष फाइंडरचा नाही, क्लॅम्पचा.

हिरवा लेसर

माथ्याजवळ काटकोनी ६×३० सोडून वरचे सगळे फाइंडर हरतात, कारण त्यांच्यातून बघायला डोळा त्यांच्या मागेच न्यावा लागतो आणि माथ्याजवळ 'मागे' म्हणजे जमिनीकडे. लेसरला डोळा लागत नाही. उभं राहून आकाशाकडे बघायचं, बटण दाबायचं, हिरवी रेघ पुष्याच्या गुच्छावर न्यायची, बटण सोडायचं, मग खाली बसून आयपीसला डोळे लावायचे. माथ्यावरच्या वस्तूंसाठी याच्या तोडीचं काही नाही.

हिरवाच का? हवेतून प्रकाश विखुरतो तो तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. त्यामुळे ६५० नॅनोमीटरच्या लाल किरणापेक्षा ५३२ चा हिरवा सव्वादोन पट विखुरतो. त्यात अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरला सगळ्यात संवेदनशील, लालसाठी जवळपास आंधळा. म्हणून ५ मिलिवॅटचा लाल लेसर आकाशात दिसतच नाही आणि तेवढाच हिरवा ढगापर्यंत गेल्यासारखा वाटतो.

५ मिलिवॅट ही ३आर या लेसर-सुरक्षा वर्गाची वरची मर्यादा आहे, आणि आपल्या कामाला ती भरपूर होते. अंधाऱ्या जागी एक-दोन मिलिवॅटही पुरतो. अडचण अशी की बाजारातल्या पेनवर छापलेला आकडा खरा असेलच असं नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने २०१३ साली १२२ लेसर पॉइंटर तपासले; हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के नियमात बसले नाहीत. जाडजूड, १८६५० चा मोठा लिथियम सेल घेणारे, आगपेटी पेटवून दाखवणारे लेसर या कामाचे नाहीत, कितीही स्वस्त असले तरी. स्वस्तातल्या ५३२ च्या पेनात आणखी एक मेख असते. त्यात आधी ८०८ नॅनोमीटरचा डायोड, मग १०६४ चा अवरक्त किरण, मग त्याची वारंवारता दुप्पट करून हिरवा, अशी साखळी असते. पुढचा अवरक्त गाळणारा फिल्टर कंपनीने वाचवला असेल तर न दिसणारा किरणही बाहेर येतो, आणि डोळा त्याला मिटत नाही.

थंडीत हीच साखळी रुसते. डिसेंबर-जानेवारीत नाशिककडे पारा दहाच्या आसपास गेला की ५३२ चा पेन मिणमिणतो, लडाखात तर पेटतच नाही असंही होतं. खिशात गरम ठेवायचा तर बायनॉक्युलरवर लावायचा कसा? दोन वाटा आहेत: पेन पटकन निघेल असा धारक, किंवा ५१५-५२० नॅनोमीटरचा थेट डायोडचा लेसर. थेट डायोडला थंडीचं वावडं बरंच कमी. नवा घेणार असाल तर तोच बघा.

धारक म्हणजे एक नळी, दोन्ही टोकांना प्रत्येकी तीन स्क्रू. नायलॉनच्या टोकाचे स्क्रू घ्या, धातूचे पेनवर खाचा पाडतात. पेनमधला किरण पेनच्या अंगाला क्वचितच समांतर असतो, म्हणून पेन धारकात फिरला की किरण आकाशात वर्तुळ काढतो. पेनवर आणि धारकावर मार्करने एकेक रेघ ओढून ठेवा, दर वेळी रेघेला रेघ. दुसरी खोड बटणाची. अंगठ्याचा जोर पेनला वाकवतो आणि दाबल्याबरोबर किरण सरकतो. बटणाच्या बरोबर खाली पेनला आधार हवा. बटण कायम दाबून ठेवणारा स्क्रू बऱ्याच धारकांना असतो, तो काढून टाका. लेसर दोन-तीन सेकंद पेटावा आणि बोट उचललं की विझावा.

उंचवटा लागत नाही, त्यामुळे लेसर दांडीवर, नळीच्या बाजूला, अगदी खालीसुद्धा चालतो. फक्त पेनचं तोंड दवटोपीच्या (भिंगापुढच्या दव अडवणाऱ्या नळीच्या) कडेच्या पुढे असू द्या. किरण कडेला घासला तर सगळी टोपी हिरवी उजळते आणि अर्ध्या तासात कमावलेली अंधारातली नजर एका क्षणात जाते.

जुळवणीला ताराही लागत नाही. आयपीसमधून बघत क्षणभर बटण दाबा. पेन अक्षापासून १० सेंटीमीटरवर असेल तर किरण साधारण ४ मीटरवर दृश्यक्षेत्राच्या कडेतून आत शिरतो. तिथे तो फोकसबाहेरचा, जाड, धुरकट हिरवा पट्टा दिसतो. पुढे तो बारीक होत जातो आणि एका टोकाशी संपल्यासारखा वाटतो. किरण तिथे संपत नाही, समांतर रूळ क्षितिजावर मिळतात तसं ते टोक म्हणजे लेसरची खरी दिशा. स्क्रू फिरवून ते टोक मध्यावर आणा, झालं. जुळवणी सोडून एरवी आयपीसमधून बघत असताना मात्र लेसर पेटवू नका. उजेड १०० मिलिमीटरच्या दोन भिंगांनी गोळा होतो, आणि त्यानंतर मेसियर ३३ सारखं अंधुक काही दिसायचं नाव नको.

आता सक्तीची गोष्ट. ५ मिलिवॅटच्या हिरव्या किरणाचा धोका डोळ्याला साधारण १६ मीटरपर्यंत असतो, पण तो वैमानिकाचं लक्ष साडेतीन किलोमीटरवरूनही विचलित करू शकतो. विमानाकडे लेसर रोखणं अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तिथे राहणाऱ्यांनी हे विसरू नये. आपल्याकडे विमानतळाच्या परिसरात लेसरवर पोलिसांचे मनाई आदेश निघतात, आणि गणपतीच्या मिरवणुकांतल्या लेसरने डोळे गेल्याच्या बातम्यांनंतर या वस्तूकडे बघायची नजर तशीही बदलली आहे. विमानतळापासून दूर जा. बटण दाबण्याआधी नुसत्या डोळ्यांनी त्या दिशेला हलता दिवा नाही ना बघा. क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली लेसर वापरूच नका; तिथे नळीवरचा ठिपका भागवतो, आणि खाली घरं, टेकड्या, माणसं असतात. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे जेमतेम २३-२४ अंश वर येतो, तो ठिपक्यानेच शोधायचा.

मुलं असतील तिथे पेन धारकातून काढून खिशात. वांगणीसारख्या ठिकाणी सामुदायिक आकाशदर्शनाला जाल तर लेसर निवेदकाच्या हातात एकच असावा. शेजारी कोणी कॅमेऱ्यावर पाच मिनिटांचं चित्र घेत असेल तर तुमची दोन सेकंदांची रेघ त्याच्या चित्रात कायमची. विचारल्याशिवाय पेटवू नका.

कुणी काय घ्यावं

गावाकडे किंवा घाटावर, सरळ नळीचा २५×१०० असेल: दांडीवर रायजेल आणि माथ्यासाठी निघता धारक घालून ३आर वर्गाचा लेसर. दोन्ही मिळून वजन टेलरॅडपेक्षा कमीच भरतं. टेलरॅड आधीच घरात असेल, नकाशांची सवय त्याचीच असेल, तर नवं घेऊ नका, फक्त छप्पर करा.

शहरातल्या गच्चीवर, विमानं सतत जातात तिथे: लेसर मुळीच नाही. काटकोनी ६×३०. बायनॉक्युलर आणि फाइंडर दोन वेगवेगळ्या दिशांनी बघावं लागतं याची सवय व्हायला चार रात्री लागतात.

१५×७० ला धातूची 'एल' पट्टी आणि तिच्यावर लाल ठिपका, बस. आणि घरी परतल्यावर सेल काढून ठेवा. ठिपक्याचं चाक बंदच्या टिचकीपर्यंत गेलं की नाही हे अंधारात कळत नाही, आणि पुढच्या अमावास्येला तो हमखास संपलेला असतो. एक जादा सीआर२०३२ ट्रायपॉडच्या पायाला आतून टेपने चिकटवून ठेवलेला बरा.